उभी गाडी



बैलगाडी सोडताना आपण काय काय करतो, ते जरा आठवून पाहा. गाडी उतारावर असली तर आधी ती आडवी घेतो. मग चाकाखाली दगड सरकवतो. दगड बसला की नाही, हे पायाने दाबून पाहतो. त्यानंतर जुवाखाली टेकू लावायचा, त्या लाकडाला आमच्याकडे 'शिपाई' म्हणतात, आणि हे सारे झाल्यावर मगच बैलांच्या मानेवरचे जू उतरायचे. हा क्रम कोणी कोणाला पुस्तकातून शिकवलेला नाही. बापाने केले, पोराने पाहिले. बैल आधी सोडून दगड मागाहून शोधणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

पण त्याच शेतकऱ्याच्या दारात जीप आली, टेंपो आला, ट्रॅक्टर आला, की चाकाखालचा दगड विसरला जातो. गाडीला हँडब्रेक आहे, तो ओढला म्हणजे झाले, असा आपला समज. आज मी ज्या गाड्यांविषयी बोलणार आहे त्या तर याहूनही अवघड जागी, याहूनही घाईत, आणि बहुधा रात्रीच्या अंधारात उभ्या राहतात. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब. या गाड्या धावत असताना त्यांना वाट द्यावी, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा गाडीला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकते. परंतु या गाड्या उभ्या असतानाही त्यांची काळजी घ्यावी लागते, त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मीही बोललो नसतो. एका हिवाळ्यात जे पाहिले, त्याने बोलायला लावले.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे सात दिवसांचे शिबिर त्या वर्षी सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात, डोंगराच्या कुशीतल्या एका लहान गावी होते. चौथ्या दिवशी सकाळी गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या छातीत कळ आली. घाम सुटला, श्वास लागला. आमच्या एका विद्यार्थिनीने १०८ क्रमांक फिरवला. पाऊण तासाच्या आत गाडी आली, आणि त्या रस्त्याने ती तेवढ्या वेळात आली याचे मला आजही कौतुक वाटते.

या १०८ च्या सेवेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचे त्यावर अवलंबून आहे. ही सेवा २००५ साली हैदराबादेहून, त्या वेळच्या आंध्र प्रदेशात सुरू झाली. महाराष्ट्रात ती आली २०१४ च्या जानेवारीत, ९३७ गाड्यांनिशी. आपल्याकडच्या गाडीत एक डॉक्टर असतो आणि एक चालक. चालकाला तिथे 'पायलट' म्हणतात. खेड्यातल्या मुलांना हे ऐकून विमान आठवते आणि फार गंमत वाटते. म्हणजे माणसे दोनच. डॉक्टर रोग्याकडे धावला, आणि रोग्याला उचलायला चालक गेला, की गाडीत उरले कोण? कोणीच नाही.

त्या दिवशी तसेच झाले. बाईंचे घर वरच्या आळीला, रस्त्यापासून तीस-चाळीस पायऱ्या चढून. गाडी खाली शाळेसमोरच्या उतारावर उभी. डॉक्टरीणबाई पिशवी घेऊन वर गेल्या. चालक स्ट्रेचर घेऊन पाठोपाठ गेला. गाडीचे इंजिन चालूच होते, कारण आतल्या यंत्रांना वीज लागते आणि निघताना एक क्षणही दवडायचा नसतो. शाळेची प्रार्थना नुकतीच संपली होती. पाचपंचवीस मुले गाडीच्या मागे उभी राहून वरचा फिरणारा दिवा बघत होती.

पहिल्यांदा ओरडला तो दुसरी-तिसरीतला एक मुलगा. "गुरुजी, गाडी चालली!"

गुरुजी हसले. मीही हसलो. आत माणूस नाही, गाडी कशी चालेल? आणि तेवढ्या हसण्यात ती हातभर मागे आलीसुद्धा होती. मग जो आरडाओरडा झाला तो झाला. मुले बाजूला पांगली, एक लहान मुलगी मात्र जागच्या जागी खिळून राहिली. तिला गुरुजींनी दंडाला धरून ओढले. आणि त्या गोंधळात कट्ट्यावर बसलेले एक तात्या उठले. वय सत्तरीच्या पुढचे असेल. त्यांनी पारापाशी पडलेला एक चौकोनी दगड उचलला, बाजूने येऊन मागच्या चाकाखाली ढकलला आणि मागे सरले. गाडी दगडावर किंचित चढली, डुलली आणि थांबली.

तात्यांनी जे केले ते तुम्ही करू नका. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीची नंतर शौर्यकथा होते. चालत्या चाकाखाली हात नेणे म्हणजे हात गमावण्याची तयारी. त्यांची उभी हयात गाडीबैलात गेलेली, बाजूने कसे यायचे आणि कधी सरायचे हे त्यांच्या अंगात मुरलेले; आणि तरीही त्यांच्या अंगठ्याचे नख गेलेच. चालक धापा टाकत खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "सर, ब्रेक ओढला होता हो मी," तो पुन:पुन्हा म्हणत होता. खरेच ओढला होता. आम्ही पाहिले. पण पुरता नव्हता. घाईत दोन दाते कमी पडले होते. त्या माणसाला मी दोष देत नाही. वर एक जीव तळमळतो आहे आणि खाली आपण दाते मोजत बसायचे, हे घाईत सुचणे सोपे नाही.

बाई वाचल्या. आठ-दहा दिवसांनी घरी आल्या, हे मला नंतर कळले. पण दगड तिथे नसता तर? हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सतावत राहिला, आणि मी थोडा हिशेब मांडून पाहिला. शिक्षक मित्रांनी हा हिशेब वर्गात जरूर मांडावा.

अशी गाडी सामानासुमानासह तीन टनांच्या घरात जाते असे धरू. रस्ता दहा फुटांत एक फूट उतरतो असे समजा. डोंगरी गावात हा काही मोठा उतार नव्हे. तर ती गाडी सुमारे तीनशे किलोच्या ओढीने खाली जाऊ पाहते. ज्वारीची क्विंटलभराची तीन पोती दोरीला टांगून ती दोरी गाडीला बांधल्यासारखे झाले. ब्रेक सुटला तर पहिल्या सेकंदात गाडी जेमतेम दोन वीत सरकते, म्हणून तर आपल्याला खरे वाटत नाही आणि आपण हसतो. तीन सेकंदांत ती बारा फूट जाते. सहा सेकंदांत पन्नास फूट, आणि तोवर तिचा वेग सायकल पिटाळणाऱ्या पोराइतका झालेला असतो. मग चारपाच गडी आडवे झाले तरी ती थांबत नाही. त्यांना घेऊनच जाते. उभी गाडी धरायची ती सुटण्याआधी. सुटल्यावर माणसाने बाजूला व्हावे, गाडी गेली तर जाऊ द्यावी.

आता यातले मर्म असे की, इंजिन चालू ठेवायचे तर गाडी गिअरमध्ये ठेवता येत नाही. एरवी घाटात गाडी उभी करताना जाणता चालक काय करतो? तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, तोंड उताराकडे असेल तर मागचा गिअर टाकून इंजिन बंद करतो. म्हणजे चाक फिरायचे तर इंजिनालाही फिरवावे लागते, आणि बंद इंजिन सहजी फिरत नाही. हा झाला दुसरा पहारेकरी. परंतु रुग्णवाहिकेचे इंजिन चालू असते, त्यामुळे हा पहारेकरी रजेवर. राहिला एकटा हँडब्रेक. तो बहुतेक गाड्यांत एका तारेने मागच्या चाकांना धरतो. तार जुनी होऊन सैल होते, ओढणारा हात घाईत असतो. बंबाची गोष्ट तर आणखी वेगळी. बंब पाणी मारू लागला की त्याच्या इंजिनाची ताकद पंपाकडे वळवलेली असते, चाकांकडे नाही. वर पंपाची थरथर तासन्तास चाललेली. अशा गाडीला चाकाखालच्या ठोकळ्याशिवाय उभे करणे म्हणजे नुसत्या भरवशावर चालणे आहे. म्हणूनच चांगल्या बंबावर ठोकळ्यांची जोडी जागच्या जागी अडकवलेली असते, आणि गाडी थांबताच ते लावण्याचे काम एका ठरलेल्या जवानाकडे असते. तिथे सहासात माणसे असतात, रुग्णवाहिकेत दोन. तिथला तिसरा माणूस आपण गावकऱ्यांनी व्हायचे आहे.

तेव्हा गाडी दारात आली की सगळ्यांनी वर धावू नका. एकाने चालकाला विचारावे, "दादा, दगड लावू का?" तो हो म्हणेल. मग उताराच्या बाजूने, चाकाला घट्ट भिडवून दगड लावावा. दगड गोल नको. गोल दगड चाकाबरोबर घरंगळतो. वीट नको, ती दबून फुटते. लावताना गाडीच्या मागे किंवा पुढे उभे राहू नये, बाजूने बसून सरकवावा. जागा सपाट असली तरी एका चाकाच्या दोन्ही अंगांना लावलेला बरा, कारण डोळ्याला सपाट दिसणारे अंगण पाण्याला विचारावे. पाणी कुठे वाहते ते पाहिले की उतार कळतो.

आणि निघताना दगड काढायचा. काढायचा म्हणजे नुसता चाकाखालून नव्हे, रस्त्यावरून. आपल्याकडे एक फार वाईट रीत पडली आहे. ट्रक रस्त्यात बिघडला की चाकांना दगड लावतात, मागे दगडांची ओळ मांडतात, आणि ट्रक दुरुस्त झाला की दगड तिथेच टाकून निघून जातात. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्या माणसाला ते दिसत नाहीत. ज्या दगडाने दुपारी एक गाडी धरून ठेवली तोच रात्री दुसऱ्याचा जीव घेतो. लावणाऱ्याने उचलावा. लावणारा गेला असेल तर ज्याला दिसला त्याने उचलावा.

चाक पंक्चर झाले तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची, ती पुष्कळ चालकांनाही उमगलेली नसते. ज्या गाडीची मागची चाके इंजिनाला जोडलेली असतात, तिचे मागचे एक चाक जॅकने उचलले की गिअरचा आधार संपला. दोन चाकांच्या मध्ये जी दात्यांची पेटी असते ती अशी केलेली असते की एक चाक अधांतरी मोकळे फिरू शकते आणि त्या वेळी दुसरे जमिनीवर उलट दिशेने फिरू शकते. म्हणजे गिअर टाकलेला, इंजिन बंद, आणि तरीही गाडी जॅकवरून घसरते. म्हणून जॅक लावण्याआधी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड. आधी, बरं का, नंतर नव्हे.

कायद्याचेही म्हणणे हेच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या १२६ व्या कलमाचा आशय असा की, सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवताना एक तर परवाना असलेला माणूस चालकाच्या जागी बसलेला असावा, नाहीतर यंत्र बंद करून, ब्रेक लावून किंवा अन्य उपाय करून ती गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी तजवीज केलेली असावी. कायद्याची भाषा कोरडी असते. पण त्या शाळेसमोर उभे राहून हे कलम वाचले असते तर त्यातला शब्दन् शब्द मला कळला असता.

आता माझा स्वत:चा गुन्हा सांगतो. शिबिराच्या गोष्टीत मी नुसता बघ्या होतो, इथे नाही.

तालुक्याच्या गावी एक सहकारी आजारी होते, त्यांना भेटायला मी दवाखान्यात गेलो. बाजाराचा दिवस. स्कूटर लावायला जागा मिळेना. आवारात एका कडेला पत्र्याची शेड होती, तिच्यात पांढरी गाडी उभी होती, आणि शेडीपुढे पाचसहा मोटारसायकली आधीच लावलेल्या होत्या. मीही त्यांच्या रांगेत स्कूटर लावली. हँडल वळवून कुलूप घातले, किल्ली खिशात टाकली आणि वर गेलो. दहा मिनिटांचे काम, असे मनाशी म्हणालो. प्रत्येकजण असेच म्हणत असणार.

वर बोलत बसलो. खाली हॉर्न वाजत होता, तो मी ऐकला. बराच वेळ वाजत होता. बाजाराच्या दिवशी हॉर्न वाजतातच, म्हणून लक्ष दिले नाही. थोड्या वेळाने एक परिचारिका दारात आली आणि म्हणाली, "शेडीसमोरची निळी स्कूटर कुणाची आहे?" ज्या सुरात तिने विचारले तो अजून कानात आहे. मी धावत खाली आलो. बाकीच्या गाड्या लोकांनी उचलून बाजूला केल्या होत्या. माझी स्कूटर कुलूप लावलेली, जड, भिंतीत अडकलेली. रुग्णवाहिकेत एक तरुण बाई होती, बाळंतपणाची. मोठ्या दवाखान्यात हलवायचे होते. तिची सासू दाराला धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, पण एक अक्षर बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

अकरा मिनिटे गेली होती. हे मला नंतर चालकाने सांगितले, तेही रागाने नव्हे. त्याला त्याची सवय झाल्यासारखी. त्या बाईचे पुढे काय झाले, ते मी कधी विचारले नाही. विचारायचे धैर्य झाले नाही, हे खरे. त्या दवाखान्यावरून आजही जातो तेव्हा शेडीपुढे मोटारसायकली दिसतात. काही दिवस मी थांबून लोकांना सांगत असे. कोणी ऐकत, कोणी म्हणत, "दोन मिनिटांत आलोच, सर." मी त्यांच्यावर चिडत नाही. मला चिडण्याचा अधिकार उरलेला नाही.

तेव्हा रुग्णवाहिका उभी करण्याचे काम एकट्या चालकाचे नाही, हे ध्यानात घ्या. चालकाने गाडी मागे घेऊन, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावावी; म्हणजे बोलावणे आले की सरळ निघता येते. आग विझवणाऱ्या दलाच्या केंद्रात बंब नेहमी तोंड बाहेर करूनच उभे असतात. गाडी परत आल्यावर, आपल्याला वेळ असतो तेव्हा, ती वळवून ठेवायची, म्हणजे बोलावण्याच्या वेळी वळवण्यात वेळ जात नाही. आणि मागे घेताना एकाने खाली उतरून, चालकाला आरशात दिसेल अशा जागी उभे राहून दिशा दाखवावी. नुसते "येऊ दे, येऊ दे" ओरडणारे दहाजण असण्यापेक्षा दिसणारा एकजण बरा. गावात रोग्याला घ्यायला गाडी आली असतानाही, आधी गाडी वळवून घ्यावी आणि मग रोगी चढवावा. चढवलेल्या रोग्यासह अरुंद आळीत पुढेमागे करीत बसणे, हे मी पाहिले आहे. आतल्या माणसाचे काय होत असेल!

ग्रामपंचायतीने एक जागा ठरवून ठेवावी. मोठा खर्च नाही. गाडी वळेल एवढी, कठीण जमिनीची, वर विजेच्या तारा लोंबत नाहीत अशी. काळ्या रानात पावसाळ्यात गाडी उभी केली की ती तासाभरात रुतून बसते, मग बैल लावून काढा. पूर येणाऱ्या गावी जागा ठरवताना म्हाताऱ्यांना विचारावे की पाणी कुठवर येते. आणि २०१९ साली कृष्णा-पंचगंगेच्या काठी म्हाताऱ्यांचाही अंदाज पाण्याने चुकवला, म्हणून त्यांनी सांगितलेल्या खुणेच्याही वरची जागा निवडावी. वाळक्या गवतावर, पाचटावर गाडी उभी करू नये. लांबून आलेल्या गाडीचा धूर सोडणारा नळ इतका तापलेला असतो की गवत पेटू शकते. आग विझवायला आलेल्या बंबानेच दुसरीकडे आग लावली, असे व्हायला नको.

बंबाविषयी एक गोष्ट शेतकरी बंधूंनी विशेष लक्षात ठेवावी. गंज पेटली, ऊस पेटला, की आपण बंबाला विहिरीवर नेतो, कारण त्याच्या टाकीतले पाणी संपलेले असते. साडेचार हजार लिटर पाण्याची टाकी म्हणजे पाण्याचेच वजन साडेचार टन. गाडीचे वजन निराळे. आपल्या विहिरीचा काठ माणसाला आणि मोटेला पेलण्यासाठी बांधलेला होता. बंब त्याच्या कडेला नेऊ नये, नळी लांबवावी. आणि गाडी वाऱ्याच्या पाठीशी उभी करावी, म्हणजे धूर आणि ठिणग्या पलीकडे जातील. शिवाय तिला मागे हटायला वाट मोकळी असावी. तमाशा बघायला आलेल्यांच्या मोटारसायकली नेमक्या त्याच वाटेवर लागतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाला आग लागली आणि ते फुटले. आग विझवता विझवता ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर तो दिवस अग्निशमन दिन म्हणून पाळतात. आगीजवळ जाणारा माणूस काय पणाला लावून जातो ते त्या दिवशी शाळेत सांगावे, आणि त्याच्या माघारीची वाट अडवू नये हेही सांगावे.

महामार्गावरच्या अपघातात धोका उलटा असतो. तिथे गाडी सुटून जाण्याची भीती कमी, मागून येणाऱ्या गाडीने धडक देण्याची जास्त. मदतीला धावलेली माणसेच मारली गेली, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. म्हणून जाणते लोक मोठी गाडी, म्हणजे बंब, येणाऱ्या वाहनांच्या बाजूला, अपघाताच्या जरा अलीकडे, तिरकी उभी करतात आणि पुढची चाके वळवून ठेवतात. धडक बसलीच तर ती गाडी काम करणाऱ्या माणसांवर जाऊ नये म्हणून. रुग्णवाहिका मात्र अपघाताच्या पलीकडे, तिच्या आडोशाला. आपण मदतीला थांबलो असू तर आपली मोटार रस्त्यावरून पुरती खाली घ्यावी, मोठे दिवे बंद करावेत, कारण समोरच्याचे डोळे दिपले की त्याला रस्त्यावरचा माणूस दिसत नाही.

गाडीच्या आतल्या गोष्टींवर फार बोलत नाही, ते चालकाचे आणि डॉक्टरांचे काम. एवढेच सांगतो, की प्राणवायूचे नळकांडे पट्ट्याने बांधलेले नसेल आणि ते पडून त्याचे तोंड तुटले, तर ते बाणासारखे सुटते. म्हणून मुलांना उभ्या गाडीत खेळायला चढू देऊ नये. गाडी बंद शेडीत असताना इंजिन चालू ठेवून आत झोपू नये. त्या धुरात एक वायू असतो, त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठत नाही. आणि किल्ली गाडीला लावलेली ठेवून चालक दूर गेला असेल, तर गावातल्या एका जबाबदार माणसाने तो येईपर्यंत दाराशी उभे राहावे. खोडकर पोरगेही गाडी पळवते, दारुडाही पळवतो.

शिक्षक मित्रांसाठी एक लहानसा प्रयोग. पाटी तिरकी धरा, तिच्यावर चाकांची खेळण्यातली गाडी ठेवा, चाकाखाली पेन्सिल आडवी लावा. गोल पेन्सिल लावली तर गाडी तिला घेऊन खाली येते. मग खोडरबर लावा. मुलांना कारण विचारा आणि घाईने सांगू नका.

त्या डोंगरातल्या गावी पुढच्या वर्षी आमचे शिबिर पुन्हा गेले. शाळेच्या ओसरीत एका खिळ्याला दोन लाकडी ठोकळे दोरीने टांगलेले दिसले. गुरुजींनी गावच्या सुताराकडून करून घेतले होते. मुले त्यांना 'शिपाई' म्हणतात. गाडी आली की ठोकळे घेऊन मोठ्या माणसाने जायचे, मुलांनी ओसरीतच थांबायचे, असा गुरुजींचा नियम आहे. तात्या अजून कट्ट्यावर बसतात. त्यांचे नख पुन्हा आले आहे, जरा वाकडे.

कोणाला करून घ्यायचे असतील तर माप सांगतो. बाभळीचे लाकूड घ्यावे, आंब्याचे नको, ते पाण्याने फुगते. लांबी फूटभर, रुंदी आठ इंच, मागची उंची सहा-सात इंच, आणि चाकाकडची बाजू पाचरीसारखी उतरती. तळाला जुन्या टायरचा तुकडा खिळ्यांनी ठोकावा, म्हणजे तो ओल्या रस्त्यावर सरकत नाही; खिळ्यांची डोकी रबरात बुडवावीत. प्रत्येक ठोकळ्याला दोन हात दोरी बांधावी. गाडी निघताना चाकाजवळ हात न नेता दोरीने ओढून काढता येतो, आणि दोरी हातात असली की ठोकळा रस्त्यात विसरत नाही.